गायकाला ऐकू यावं म्हणून

मंचावर गाणाऱ्याला सगळ्यात कमी ऐकू येतो तो त्याचा स्वतःचाच आवाज. मोठ्या स्पीकरांची तोंडं प्रेक्षकांकडे, आणि गायकाच्या पाठीशी ड्रमचा दणदणाट. म्हणून गायकाकडे तोंड केलेले, पायाशी ठेवायचे तिरके स्पीकर, म्हणजे मॉनिटर, आले. एकाने आवाज वाढवून मागितला की दुसराही मागणार, आणि तोच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की शिट्टी ठरलेली.

या गोंगाटावर कानातच उपाय करण्याचे प्रयोग १९८०च्या दशकातच सुरू झाले होते. पुढे अमेरिकेतल्या व्हॅन हेलन बँडचे मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी यांनी ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी इअरफोन घडवले. त्यातूनच १९९५मध्ये ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. मिक्सरवरून निघालेलं आवाजांचं मिश्रण ट्रान्समीटरकडे, तिथून रेडिओलहरींवर गायकाच्या कमरेला लावलेल्या रिसीव्हर पॅककडे आणि वायरीने कानात, असा हा प्रवास.

हे इअरफोन ज्याच्या-त्याच्या कानाच्या मापाने घडवतात, आणि ते माप घेण्याचं काम पाहण्यासारखं असतं. कानाच्या नळीत आधी दोरा बांधलेला स्पंजचा तुकडा बसवतात, मग पिचकारीने मऊ सिलिकॉन भरतात. गाताना जबडा हलला की नळीचा आकारही बदलतो, म्हणून दातांत ठोकळा धरून बसायचं. ठसा घट्ट झाला की अलगद बाहेर काढायचा. त्यावरून बनलेल्या कवचात श्रवणयंत्रांसाठी विकसित झालेल्या जातीचे इवलेसे स्पीकर बसतात.

नीट बसलेलं कवच बाहेरचा बराच आवाज अडवतं, म्हणून कमी आवाजातही स्वच्छ ऐकू येतं. याचं मोल मोठं आहे: कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो असं मानतात आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं.

पण कान बंद झाले की प्रेक्षक दुरावतात, टाळ्या ऐकू येत नाहीत. मग गायक एक इअरफोन काढून टाकतो. ही सवय घातक आहे, कारण उघड्या कानावर मंचाचा गोंगाट आदळतो आणि दुसऱ्या कानातला आवाज वाढवला जातो. त्यापेक्षा प्रेक्षकांकडे वळवलेले दोन माइक मिश्रणात घ्यावेत.

ते मिश्रण जमवणारा माणूस मला यंत्राहून महत्त्वाचा वाटतो. आयोजकांनो, महागडा पॅक भाड्याने आणता, तर मॉनिटरसाठी वेगळा इंजिनिअरही नेमा. आणि गायकांनो, इअरफोन दोन्ही कानांत घाला, आवाज कमी ठेवा.