वैद्यकीय प्रवेश-परीक्षेची घरची तयारी



दहावीचे निकाल लागले आणि पेरणीचे दिवस जवळ आले, कीं आमच्या एरंडोलसारख्या गांवांत एक प्रश्न घराघरांतून ऐकूं येतो. मुलाला किंवा मुलीला डॉक्टर व्हावयाचें आहे. तर आतां पाठवावें कोठें? जळगांवास, लातुरास, कीं थेट राजस्थानांतील कोट्यास?

गतवर्षीं जून महिन्यांत असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले. नोकरी शिक्षकाची, जोडीला थोडी कोरडवाहू जमीन, तींत कपाशी. मुलगी हुशार. दोन वर्षांचा बाहेरगांवचा खर्च त्यांनीं एका कागदावर व्यवस्थित मांडून आणला होता, आणि बेरजेच्या खालीं एका शेताचा गट नंबर लिहिलेला होता. त्यांच्या पत्नीही बरोबर होत्या. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "गुरुजी, तेथें जाऊन ती असें काय करील, जें येथें घरीं बसून होणार नाहीं?"

प्रश्न इतका नेमका होता, कीं मला त्या वेळीं लगेच उत्तर देतां आलें नाहीं. आजचें माझें भाषण म्हणजे त्या बाईंच्या प्रश्नाचें उत्तर आहे असें समजावें.

प्रथम परीक्षेचें स्वरूप पाहूं. देशांतील वैद्यकीय महाविद्यालयांसाठीं एकच सामाईक परीक्षा प्रथम 5 मे 2013 रोजीं झाली. त्याच वर्षींच्या जुलैमध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली, आणि 2016 सालीं ती पुनः सुरू झाली. तिचें संक्षिप्त इंग्रजी नांव मराठींत 'नीट' असें वाचलें जातें. त्यावर विनोद पुष्कळ झाले आहेत, त्यांत मी भर घालीत नाहीं. 2025 सालच्या परीक्षेंत 180 प्रश्न आणि 180 मिनिटें होतीं. पदार्थविज्ञानाचे 45 प्रश्न, रसायनाचे 45 आणि जीवशास्त्राचे 90. बरोबर उत्तरास चार गुण, चुकलेल्या उत्तराबद्दल एक गुण वजा. एकूण गुण 720. त्यापूर्वीं 2021 ते 2024 या चार वर्षांत 200 प्रश्न छापून त्यांतील 180 सोडवावयास सांगत. म्हणून शेजारच्या मुलाच्या अनुभवावर विसंबूं नये. दर वर्षीं निघणारें माहितीपत्रक घरांतील एका वडील माणसानें तरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावें.

या आंकड्यांकडे जरा निरखून पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. जीवशास्त्राचे 90 प्रश्न म्हणजे 360 गुण, अर्थात् बरोबर निम्मी परीक्षा. आणि हा निम्मा भाग मुख्यत्वेंकरून वाचनाचा आहे. अकरावी-बारावीचीं एनसीईआरटीचीं जीवशास्त्राचीं पुस्तकें हाच त्याचा आधार. लातुरास तीं निराळीं छापलेलीं नाहींत. आपल्या राज्य मंडळाचीं पुस्तकें वाईट आहेत असें मुळींच नव्हे. परंतु प्रश्न काढणारा डोळ्यांसमोर ठेवतो तीं एनसीईआरटीचीं, त्यांतील वाक्यें, त्यांतील आकृत्या, आकृत्यांखालचीं नांवें सुद्धां. बारावीची परीक्षा मंडळाच्या पुस्तकांवर द्यावयाची असल्यानें आपल्या मुलांना दोन्ही पुस्तकें वाचावीं लागतात, हा भार खरा आहे. बारावीचे गुण गुणवत्तायादींत धरले जात नाहींत. पण पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गास 50 टक्के व राखीव वर्गास 40 टक्के गुण असावेच लागतात. तेव्हां बारावीला अजिबात सोडचिठ्ठी देतां येत नाहीं.

खेड्यांतील किंवा तालुक्याच्या गांवांतील मुलाची पहिली अडचण मात्र बुद्धीची नसते, भाषेची असते. दहावीपर्यंत तो 'पेशी', 'तंतुकणिका', 'हरितलवक' असें शिकलेला. अकरावींत एकाएकीं त्याच वस्तु सेल, माइटोकाँड्रिया आणि क्लोरोप्लास्ट होऊन समोर येतात. पदार्थविज्ञानांत तर आणखी घोटाळा. व्यवहारांत आपण ज्याला सरसकट 'ताकद' म्हणतों, त्याचे शास्त्रांत बल, शक्ति आणि ऊर्जा असे तीन निरनिराळे पदार्थ होतात. आणि मुलाला इंग्रजी शब्द पाठ असतात, पण तिघांतला भेद मराठींतही कधीं कोणी विचारलेला नसतो. यावर उपाय साधा आहे. एका वहींत तीन रकाने आंखावेत : इंग्रजी शब्द, मराठी शब्द, आणि स्वतःच्या भाषेंतील एक वाक्य. तिसरा रकाना भरतां आला नाहीं तर शब्द समजला नाहीं असें मानावें. 2017 पासून ही परीक्षा मराठींतूनही देतां येते. त्या प्रश्नपत्रिकेंत मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही असतो, आणि भाषांतराविषयीं शंका आल्यास इंग्रजी मजकूर प्रमाण धरतात. म्हणून मराठी निवडणाऱ्यानेंही इंग्रजी संज्ञांची ओळख ठेवलीच पाहिजे.

आणि गांवाकडच्या मुलाजवळ एक संपत्ति अशी आहे, जी तो मोजीत नाहीं. अकरावीच्या पुस्तकांत एस्टिव्हेशन नांवाचें प्रकरण आहे; कळी मिटलेली असतांना पाकळ्यांच्या कडा एकमेकींशीं कशा बसलेल्या असतात, एवढाच त्याचा अर्थ. कडा नुसत्या टेंकलेल्या असतात तो एक प्रकार, उदाहरण रुईचें. प्रत्येक पाकळीची एक कड पुढच्या पाकळीवर चढलेली असते तो दुसरा, उदाहरणें जास्वंद, भेंडी आणि कपाशी. कडा एकमेकींवर चढतात पण एका दिशेनें नव्हे, तो तिसरा, उदाहरण गुलमोहराचें. शहरांतील मुलगा हीं नांवें घोकतो आणि महिन्यानें रुई व गुलमोहर यांची अदलाबदल करतो. आमच्याकडे बांधावर रुई आहे, शाळेच्या आवारांत गुलमोहर आहे, आणि कपाशीबद्दल तर खानदेशांत सांगावयास नकोच. त्या मुलीला मी शेतांत जाऊन तिन्ही कळ्या उघडून पाहावयास सांगितलें. दहा मिनिटांचें काम. पुनः तें प्रकरण तिला वाचावें लागलें नाहीं.

पण सर्वच गोष्टी शेतांत सांपडत नाहींत. पाठ करणें आहेच. येथें घरोघरीं एक चूक होते. मूल पुस्तक उघडून बसलें आहे, ओळीखालीं रंगीत रेघा ओढीत आहे, एवढ्यावर आईबापांचें समाधान होतें. वस्तुतः वाचलेलें परत वाचणें आणि वाचलेलें आठवून पाहणें या दोन क्रिया अगदीं भिन्न आहेत. 2006 सालीं अमेरिकेंत रोडिगर व कार्पिके या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांना लहान उतारे देऊन एक प्रयोग केला. कांहींनीं उतारा पुनः वाचला. कांहींनीं तो मिटून, आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पांच मिनिटांनंतर परीक्षा घेतली तेव्हां पुनः वाचणारे थोडे पुढें होते. एका आठवड्यानें घेतली तेव्हां आठवून लिहिणाऱ्यांना सुमारें 56 टक्के मजकूर आठवला, पुनः वाचणाऱ्यांना 42 टक्के. आपल्या पंतोजींना हें प्रयोगावांचून ठाऊक होतें. पुस्तक मिटवून ते "म्हण पाहूं" म्हणत. तेव्हां एक धडा वाचल्यावर पुस्तक मिटावें, कोऱ्या कागदावर आठवेल तें मांडावें, मग पुस्तकाशीं ताडून पाहावें. हेंच दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें आणि महिन्यानें करावें. हें काम कंटाळवाणें आहे, आणि आपणांस कांहींच येत नाहीं असें वाटून मूल प्रथम रडकुंडीस येतें. त्या वेळीं आईनें शेजारीं बसावें, तिला शास्त्र येण्याची गरज नाहीं, पुस्तक हातांत धरून "पुढें?" एवढें विचारतां आलें म्हणजे झालें.

आतां वजा गुणांविषयीं. "माहीत नसेल तर हात लावूं नको" असा उपदेश सर्वत्र ऐकूं येतो. आपण गणित करून पाहूं. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर चार प्रश्नांत सरासरीनें एक बरोबर येईल : चार गुण मिळाले, तीन गेले, हातीं राहिला एक. म्हणजे अंधळा अंदाजही सरासरीनें तोट्याचा नाहीं. मात्र फायदा इतका क्षुल्लक आणि बेभरंवशाचा आहे, कीं वीस प्रश्नांत नशीब फिरलें तर वीसही गुण जातील. परंतु चारांपैकीं दोन पर्याय निश्चित चूक आहेत असें ज्याला सांगतां येतें, त्याला दर प्रश्नामागें सरासरी दीड गुण पडतो. त्यानें तो प्रश्न सोडणें म्हणजे नुकसान आहे. खरी हानि अंदाजानें होत नाहीं, ती होते खोट्या खात्रीनें. अर्धवट आठवणारी गोष्ट मूल ठामपणें लिहितें आणि चार-पांच गुणांचा फरक पाडून घेतें.

या खोट्या खात्रीचा शोध लावण्यासाठींच चुकांची वही. माझा सर्वांत अधिक भर हिच्यावर आहे. एरंडोल एकेकाळीं हातकागदासाठीं प्रसिद्ध होतें. आज तो कागद नसला तरी एक जाड वही कोणासही मिळेल. प्रत्येक सराव-परीक्षेनंतर चुकलेला प्रश्न तींत लिहावा आणि चूक कोणत्या जातीची तें पुढें नोंदवावें. वाचलेंच नव्हतें; वाचलें होतें, विसरलें; चुकीचें समजलें होतें; कीं येत असून घाईनें गेलें? "खालीलपैकीं असत्य विधान कोणतें" या प्रश्नांतील 'अ' डोळ्यांआड होणें, सेंटिमीटरचे मीटर करावयाचे राहणें, उत्तरपत्रिकेंत एक गोल सोडून पुढचा काळा करणें, हीं सारीं चौथ्या जातींतलीं. एक-दोन महिन्यांत त्या वहींतून मुलाचा स्वभाव दिसूं लागतो. वरील मुलीच्या पहिल्या दहा परीक्षांत निम्म्याहून अधिक चुका घाईच्या निघाल्या. तिला आणखी पुस्तकांची नव्हे, प्रश्न बोटाखालीं धरून वाचण्याची आवश्यकता होती. शंभर मुलांच्या वर्गांत हें तिला कोणी सांगितलें असतें कीं नाहीं, मला शंका आहे.

परीक्षेची वेळ दुपारीं दोन ते पांच, आणि महिना मे. जळगांवकडची मे महिन्याची दुपार ज्यांनीं सोसली आहे त्यांना वर्णन नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसावर जातो. म्हणून सराव-परीक्षा पहांटेच्या गारव्यांत घेऊं नये. ती रविवारीं दुपारीं दोन वाजतां, घड्याळ लावून, मध्यें पाण्याखेरीज कशासाठींही न उठतां द्यावी. पन्नास मिनिटांत जीवशास्त्र, तितक्यांतच रसायन, उरलेला वेळ पदार्थविज्ञानास, असा एक हिशेब बसतो. घरांतील पाहुण्यांनीं त्या तीन तासांत चहासाठीं मुलीला हांक मारूं नये, ही विनंति मी मुद्दाम करतों. कारण मुलगा अभ्यासास बसला म्हणजे घर चूप होतें आणि मुलगी बसली म्हणजे होत नाहीं, असें मीं पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही पाहिलें आहे.

आणखी एका गैरसमजाकडे पालकांचें लक्ष वेधावयाचें आहे. 2025 सालीं 22 लाखांहून अधिक उमेदवार बसले आणि 12 लाखांहून अधिक 'पात्र' ठरले. खुल्या वर्गाची पात्रतेची रेषा त्या वर्षीं 720 पैकीं 144 गुणांवर होती. उलट देशांतील एम.बी.बी.एस.च्या सर्व जागा एक लाखाहून थोड्या अधिक, आणि त्यांतील सरकारी जागा सुमारें निम्म्या. तेव्हां पात्र होणें आणि प्रवेश मिळणें यांत मोठी दरी आहे. "तुमचा मुलगा पास झाला, जागा आम्हीं देववितों" असें म्हणत दारीं येणारा मनुष्य याच दरींत उभा असतो. त्याला पाणी द्यावें आणि निरोप द्यावा. खानदेशापुरतें पाहिलें तर धुळ्याचें भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय जुनें आहे. जळगांवचें सरकारी महाविद्यालय 2018 सालीं आणि नंदुरबारचें 2020 सालीं सुरू झालें. घराजवळ जागा वाढल्या, हें खरें; पण त्या गुणवत्तेनेंच भरतात. एक वर्ष परत बसावयाचें कीं नाहीं, याचा निर्णयही निकालाच्या दिवशीं घेऊं नये. तो परीक्षेपूर्वींच, सर्वांनीं शांतपणें बसून, मुलाच्या तोंडून वदवून घ्यावा. पद्मालयाच्या गणपतीला नवस जरूर बोलावा, परंतु त्यांत मुलाच्या वर्षांचा सौदा असूं नये.

आतां त्या बाईंचा प्रश्न. बाहेर जाऊन मुलीला काय मिळेल? पदार्थविज्ञानांत अडलें असतां विचारावयास चांगला शिक्षक, बरोबरीचीं मुलें आणि ठरलेली शिस्त. यांतील पहिली गोष्ट एरंडोलास नेहमीं मिळत नाहीं, हें मी प्रामाणिकपणें कबूल करतों. आठवून पाहणें, चुकांची वही आणि रविवारची दुपार या गोष्टी मात्र कोणत्याही गांवीं मुलालाच कराव्या लागतात. ज्या मुलांस त्या घरीं साधत नाहींत, ज्यांच्या घरांत जागा किंवा शांतता नाहीं, त्यांनीं बाहेर जावें. त्यांत गैर कांहींच नाहीं. पण शेत विकण्यापूर्वीं सहा महिने हें करून पाहावें, असें मीं त्या दांपत्यास सांगितलें.

त्यांनीं दिवाळीपर्यंत थांबावयाचें ठरविलें. दिवाळीनंतर परत थांबले. मुलगी शनिवारीं एस.टी.नें तीसेक किलोमीटरवर जळगांवास पदार्थविज्ञानासाठीं जाते आणि संध्याकाळीं परत येते. परवां ती भेटली तेव्हां वही दुसरी चालू होती, आणि घाईच्या चुका कमी होऊन विसरण्याच्या वाढल्या होत्या. गट नंबराचा तो कागद वडिलांनीं अजून फाडलेला नाहीं. तो पहिल्या वहींत घडी करून ठेवलेला आहे, असें ती सांगत होती.