गोळीचे अधिक-उणे

सुगीच्या दिवसांत वैजापूरच्या बाजार समितीत गेलात, तर एक वाद हमखास कानावर पडतो. व्यापारी मक्याच्या ढिगात हात खुपसून मूठभर वानगी काढतो, ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो आणि म्हणतो, "सोळा." शेतकरी म्हणतो, "शेठ, वरचा घ्या, चौदा निघंल." भाव त्या दोन टक्क्यांवर ठरायचा असतो. खोटे मात्र दोघेही बोलत नसतात. ढीग सगळीकडे सारखा वाळलेला नसतो, आणि यंत्र पुन्हा तोच आकडा दाखवील याचीही खात्री नसते.

औषधाच्या गोळीचेही असेच आहे. फरक एवढाच, की तिथे भाव नव्हे, माणसाची प्रकृती पणाला लागलेली असते.

मी कविता लिहिणारा माणूस. गझलेच्या ओळीत एक मात्रा कमी पडली, तर बोटांवर मोजून ती लगेच दाखवता येते. औषधालाही मराठीत मात्राच म्हणतात; पण ती बोटांवर मोजता येत नाही. मोजदाद आणि मापन यांत हाच फरक आहे. डबीतल्या गोळ्या मोजल्या तर उत्तर नेमके येते: वीस म्हणजे वीस. पण गोळीतले औषध मापले, तर उत्तराला अधिक-उण्याचे शेपूट लागतेच. या शेपटालाच 'मापनातील अनिश्चितता' म्हणतात.

घरातली तापाची गोळी घ्या. पाकिटावर 'पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम' असे छापलेले असते. प्रत्येक गोळीत बरोबर ५०० मिलिग्रॅम भरणे कोणत्याही कारखान्याला शक्य नाही. म्हणून 'इंडियन फार्माकोपिया' हा आपला औषधांचा प्रमाणग्रंथ मर्यादा आखून देतो: छापलेल्या प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के, म्हणजे ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम. या मर्यादेबाहेर गेलेले औषध 'अप्रमाणित' ठरते.

हे तपासतात कसे? बरीच वर्षे वापरात असलेली एक पद्धत सांगतो. वीस गोळ्या वजन करून कुटतात. त्या भुकटीतून १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असेल इतकी भुकटी तोलून घेतात. ती सौम्य क्षारात विरघळवून द्रावण २०० मिलिलिटर करतात आणि गाळतात. त्यातले १० मिलिलिटर घेऊन १०० करतात, आणि पुन्हा एकदा तसेच पातळ करतात. मग त्या द्रावणातून २५७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडून तो किती शोषला गेला ते पाहतात. त्यावरून औषधाचे प्रमाण निघते.

आता यात शंका कुठे कुठे शिरते ते पाहा. तराजू चांगला असला तरी त्याची स्वतःची थोडी चूक असते. १० मिलिलिटरच्या उत्तम प्रतीच्या पिपेटलाही ०.०२ मिलिलिटर अधिक-उणे माफ असते. खोलीतली उष्णता वाढली की द्रव फुगतो. प्रकाशाचे यंत्र दर वेळी किंचित वेगळे वाचते. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढली, तर ही डळमळ कमी होते. पण भांडेच मुळात चुकीचे आखलेले असेल, तर शंभरदा मोजले तरी तीच चूक शंभरदा येईल. तिचा अंदाज भांड्याच्या आणि यंत्राच्या प्रमाणपत्रावरूनच घ्यावा लागतो.

या सगळ्या शंका एकत्र करायच्या कशा, याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९९३ साली निघाली. तिची रीत शाळेतल्या भूमितीची आठवण करून देते. समजण्यापुरते आकडे घेऊ. तोलण्यातली शंका ०.२ टक्के, भांड्यांतली ०.३ आणि यंत्रातली ०.६. यांची सरळ बेरीज करायची नाही, कारण सगळ्या चुका एकाच वेळी एकाच दिशेला जातील असे सहसा घडत नाही. प्रत्येकाचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे. उत्तर येते ०.७. त्याची दुप्पट केली की १.४. खरी किंमत या पट्ट्यात असल्याची साधारण ९५ टक्के खात्री देता येते.

समजा, गोळीचा निकाल आला ९४.२ टक्के. अधिक-उणे १.४ धरले, तर खरे प्रमाण ९२.८ ते ९५.६ यांत कुठेही असू शकते. मग गोळी पास की नापास? कारखानदार म्हणेल, संशयाचा फायदा मला द्या. पण तो फायदा त्याला मिळत नाही. ९५ ते १०५ ही मर्यादा आखतानाच मोजणीतली नेहमीची चूक आणि बनवण्यातला मान्य फरक हिशेबात धरलेला असतो. एकदा दिलेली सूट पुन्हा मागता येत नाही. म्हणून शहाणा कारखानदार आपली रेघ ९५ वर न ओढता ९६.४ वर, किंवा त्याहूनही वर ओढतो; कारण दुकानात पडून राहिल्यानेही औषधाचा कस उतरतो.

मग अनिश्चितता काढायची कशाला? दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळले नाहीत, तर तो फरक मोजणीतला की गोळीतला, हे तिच्यावरूनच कळते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात हा वाद गृहीतच धरला आहे. औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा त्याचे सहसा चार भाग करतो. एक दुकानदाराकडे राहतो, एक शासकीय विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी आणि एक उत्पादकासाठी ठेवला जातो. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल, तर २८ दिवसांत तसे कळवावे लागते. मग न्यायालय आपल्याकडचा भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठवू शकते. एखाद्याचा परवाना, एखाद्याची अब्रू आणि असंख्य रोग्यांचा विश्वास अशा दशांश चिन्हावर तोललेला असतो.

अर्थात काही वेळा वर्गमुळाची गरजच पडत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला होता. तपासणीत त्यात औषधच नसल्याचे निघाले. तिथे प्रश्न मोजमापाचा नसतो, नियतीचा असतो. 'अप्रमाणित' आणि 'बनावट' हे दोन शब्द बातमी वाचताना आपण वेगळे ठेवले पाहिजेत.

सगळ्यात मोठी शंका मात्र काचेच्या भांड्यात नसते, ती नमुन्यात असते. लाखो गोळ्यांतून वीस उचलायच्या, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. शिवाय वीस गोळ्या एकत्र कुटल्या की निघते ती सरासरी. एकीत जास्त आणि दुसरीत कमी असले, तरी सरासरी चांगलीच दिसते. तापाच्या गोळीत याने फारसे बिघडत नाही. पण हृदयविकारावरच्या डिगॉक्सिनच्या गोळीत औषध असते अवघे पाव मिलिग्रॅम. थोडे कमी पडले तर गुण येत नाही, थोडे जास्त झाले तर विषबाधा. रोगी सरासरी गिळत नाही, एक गोळी गिळतो. म्हणून अशा औषधांच्या गोळ्या एकेक करून वेगळ्या तपासतात.

आपल्याकडे शंका सांगणे म्हणजे दुबळेपणा समजतात. छातीठोक बोलणारा खरा वाटतो. मोजमापाच्या शास्त्रात उलटे आहे. "९४.२" एवढेच सांगणारी प्रयोगशाळा अर्धे सांगते, "९४.२, अधिक-उणे १.४" असे सांगणारी पूर्ण सांगते. आपल्या अज्ञानाचेही माप जिने काढले आहे, तिच्या ज्ञानावर भरवसा ठेवायला हरकत नाही.