नोकरी सोडून कन्सल्टिंग? आधी एका दिवसाचा रेट काढा

पुण्यात आयटीत असलेली आपल्या कारंज्याची पोरं सणाला आली की दुकानात हमखास विचारतात, "दादा, नोकरी सोडून कन्सल्टिंग करू का?" मी हो-नाही सांगत नाही, कागद पुढे करतो.

समजा, पॅकेज वर्षाला १२ लाख. लॅपटॉप, प्रवास, विमा, सीएची फी आता तुमच्या खिशातून. त्याचे ३ लाख धरा. झाले १५ लाख. बिल लागेल असे दिवस वर्षात १२०च धरा, बाकीचे काम शोधण्यात आणि वसुलीत जातात. म्हणजे रेट आला दिवसाला १२,५०० रुपये. एवढा देणारा एक तरी ग्राहक आज हातात आहे का?

दुसरा प्रश्न घरचा. १९८१ मध्ये नारायण मूर्ती आणि सहा सहकाऱ्यांनी नोकरी सोडून पुण्यात 'इन्फोसिस कन्सल्टंट्स' काढली. भांडवलाचे १० हजार सुधा मूर्तींनी दिले, घरखर्चही त्यांनीच उचलला. तुमच्याकडे तो कोण उचलणार? कोणी नसेल, तर सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला ठेवा.

तिसरं, उधारी. दुकान बुडतं तेही यातच. उद्यम नोंदणी करा, करार लेखी घ्या. मग कायद्याने ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. बिलातून टीडीएसही कापला जातो, तो धरूनच महिना आखा.

आणि हो, नोकरीला साडेचार वर्षं झाली असतील तर घाई नको. पाच पूर्ण करा, ग्रॅच्युइटी घेऊनच निघा.