फलक हटले, माणसे दिसू लागली

एखाद्या चौकात अपघात झाला की आपली मागणी ठरलेली असते. येथे सिग्नल बसवा, गतिरोधक घाला, ठळक फलक लावा. नियम जितके अधिक, तितकी सुरक्षितता अधिक, हे गणित आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की ते कधी तपासून पाहावे असे मनातही येत नाही. नेदरलँड्समधील हान्स मॉन्डरमन (१९४५–२००८) या वाहतूक अभियंत्याने मात्र ते तपासले आणि उलट्या बाजूने सोडवून दाखविले. ज्यांचा उदरनिर्वाह बाजारपेठेतील रस्त्यावर अवलंबून आहे, अशा आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांनी त्यांचे काम जाणून घेण्यासारखे आहे.

देशाच्या उत्तरेकडील फ्रीसलँड प्रांतात मॉन्डरमन यांच्याकडे रस्तेसुरक्षेचे काम होते. १९८० च्या दशकात आउडेहास्के या लहानशा गावातील रहिवाशांनी भरधाव गाड्यांविषयी तक्रार केली. नेहमीचा उपाय म्हणजे गतिरोधक आणि अडथळे. मॉन्डरमन यांनी वेगळा मार्ग निवडला. फलक काढले, पदपथाच्या उंच कडा काढल्या, डांबराऐवजी विटांची फरसबंदी केली आणि रस्ता पुन्हा गावातल्या रस्त्यासारखा दिसू लागेल अशी रचना केली. वेग थोडाफार उतरेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो त्याहून कितीतरी अधिक उतरला. चालकाला कुणी ‘हळू चालवा’ असे सांगितले नव्हते. आपण लोकांच्या अंगणातून जात आहोत, हे त्याला रस्त्यानेच सांगितले होते.

या विचाराला डच भूमीत पूर्वपीठिका होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डेल्फ्ट शहरातील काही निवासी गल्ल्यांत मुलांचे खेळणे, झाडे, बाके आणि मोटारी एकाच पृष्ठभागावर आणण्याचा प्रयोग झाला आणि १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्याचे स्थान मिळाले. तेथे वाहनाने पायी चालणाऱ्याच्या गतीने जावे, अशी अपेक्षा असते. मॉन्डरमन यांनी तेच तत्त्व गजबजलेल्या चौकांपर्यंत नेले. माक्किंगा या गावातून तर सारे वाहतूक-फलक हटले. गंमत अशी की, हे गाव फलकमुक्त आहे हे कळविण्यासाठी वेशीवर एक फलक लावावाच लागला!

त्यांचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे सुमारे ४५,००० वस्तीच्या ड्राख्टन नगरातील लावाईप्लाइन हा चौक. दिवसाला सुमारे २२,००० वाहने, शिवाय सायकलस्वार आणि पादचारी, अशी तेथील वर्दळ. या शतकाच्या आरंभी येथील सिग्नल काढून टाकण्यात आले. चौक मोकळ्या मैदानासारखा करून मध्ये वर्तुळाकार वळण ठेवले आणि वाहतूक वाढेल तशी उंची वाढणारी कारंजी बसविली. परिणामी अपघात लक्षणीय घटले आणि बसगाड्यांना चौक ओलांडण्यास पूर्वीपेक्षा कमी वेळ लागू लागला. सिग्नलवर थांबण्यात जाणारा वेळ वाचला. कारण सगळेजण सावकाश, परंतु सतत पुढे सरकत होते. पाहुण्यांशी बोलता बोलता मॉन्डरमन पाठमोरे चालत वाहनांच्या ओघात शिरत आणि गाड्या त्यांना वळसा घालून निघून जात. अर्थात याचे अनुकरण कुणी करू नये.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढची आहे. नव्या चौकात आपण पूर्वीइतके सुरक्षित नाही, असे अनेक नागरिकांना वाटत होते. मॉन्डरमन यांना त्यात दोष दिसला नाही. धोका आहे असे वाटते म्हणूनच माणूस डोळे उघडे ठेवतो, असे त्यांचे म्हणणे होते. हिरवा दिवा लागला की चालकाची नजर दिव्यावर असते, माणसावर नसते. आपला हक्क सिद्ध झाला, आता समोरच्याने सांभाळावे, ही वृत्ती तेथे जन्म घेते. दिवा नसेल तर हक्काचा निवाडा नजरानजरेने करावा लागतो.

मात्र नजर भेटण्यासाठी वेग कमी असावा लागतो, आणि ही अट संपूर्ण कल्पनेचा पाया आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चालकाला भान येईपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. ताशी ३० किलोमीटर वेगाने सुमारे ८ मीटर. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे पहिल्या गाडीचा आघात दुसरीच्या पावणेतीन पटींहून अधिक असतो. म्हणून मॉन्डरमन यांनी रस्त्यांचे दोन प्रकार मानले. एक वेगाने दूर जाण्याचा महामार्ग; तेथे फलक, पट्टे आणि नियम हवेतच. दुसरा गावाचा, बाजाराचा, शाळेचा रस्ता. तेथे मनुष्यव्यवहार प्रथम आणि वाहतूक पाहुणी. दुसऱ्या प्रकारचा रस्ता पहिल्यासारखा बांधला, तर चालकही त्याच्याशी महामार्गासारखाच वागतो.

येथे वाचकांच्या मनात एक आक्षेप येईल. आमच्या बाजारपेठेत तरी नियम कोण पाळतो? गाडी, हातगाडी, दुचाकी आणि पादचारी सारे एकत्रच चालतात. मग आम्ही त्या डच चौकाच्या पुढे गेलो म्हणायचे का? नाही. नियमांचा अभाव आणि नियमांची गरज न उरणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या रस्त्यावर सारे एकत्र येतात, परंतु रस्ता वेगासाठीच रुंद केलेला असतो. वाट मिळते ती हॉर्नच्या जोरावर, आणि मोठ्या वाहनाला प्रथम. ड्राख्टनमध्ये चौकाची रचना बलवानाला हळू करते. ती रचना न करता केवळ सिग्नल काढला, तर दुर्बळाच्या हाती असलेला शेवटचा आधारही जाईल.

दुर्बळांचा हा प्रश्न युरोपातही सुटलेला नाही. लंडनमधील संग्रहालयांच्या एक्झिबिशन रोडवर रस्ता आणि पदपथ एका पातळीवर आणले गेले, तेव्हा अंध व्यक्तींच्या संस्थांनी तीव्र हरकत घेतली. ज्याला दिसत नाही त्याने नजरानजर कशी करावी? पदपथाची उंच कडा हीच त्याच्या काठीची आणि मार्गदर्शक श्वानाची खूण असते. ही हरकत इतकी रास्त होती की, २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थानिक संस्थांना एका पातळीच्या अशा नव्या योजना थांबविण्यास सांगितले. यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे : पायाला व काठीला जाणवणारे उंचसखल पट्टे, केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेली कड आणि ओलांडण्याची निश्चित जागा असल्याशिवाय कोणताही रस्ता ‘सर्वांचा’ म्हणवून घेऊ शकत नाही.

व्यापाऱ्याला यात काय मिळते? इंग्लंडमधील पॉइन्टन या गावाच्या मुख्य चौकातून दिवसाला सुमारे २६,००० वाहने जात. वाहनांच्या रांगांनी आणि सिग्नलांनी बाजार दुभंगला होता. २०१२ च्या सुमारास तेथे सिग्नल काढून, वाहनांच्या मार्गिका अरुंद करून, दगडी फरसबंदीची दोन वर्तुळे रचण्यात आली. वाहनांची ये-जा चालू राहिली. पण समोरच्या बाजूच्या दुकानात जाणे पुन्हा सोपे झाले. ज्या ग्राहकाला रस्ता ओलांडण्याची भीती वाटते, त्याच्यासाठी समोरचे दुकान दुसऱ्या गावात असल्यासारखेच असते. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. तो वाहनमुक्तीचा उपक्रम असल्याने वेगळा आहे. तरी भर बाजारात रस्ता कुणाचा, हा प्रश्न तोही विचारतोच.

आपल्या पेठेतील रस्त्याविषयी व्यापारी संघाची बैठक होईल, तेव्हा ‘सिग्नल हवा की नको’ याआधी तीन प्रश्न विचारावेत. या रस्त्याची रुंदी आणि बांधणी पाहून चालकाला वेग कमी करावासा वाटतो का? मालाच्या गाड्यांसाठी सकाळची वेळ ठरवून उरलेला दिवस दुकानासमोरची जागा मोकळी ठेवता येईल का? पुष्कळदा तेथे दिवसभर उभे असलेले वाहन ग्राहकाचे नसून आपलेच असते. आणि तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : आपल्या घरातील वृद्ध आई, शाळकरी नातू किंवा ज्याला दिसत नाही असा शेजारी हा रस्ता कुणाचा हात न धरता ओलांडू शकतो का? याचे उत्तर ‘होय’ येईपर्यंत काम अपुरे आहे, असे समजावे.