अंतरपाट एक, कॅमेरे पाच

लग्नकार्य पार पडते, वऱ्हाडी आपापल्या गावी परततात, मांडव उतरतो. आणि मग पंधरा-वीस दिवसांनी घरातील मंडळींना चित्रफितीची आठवण होते. पूर्वी एक शूटिंगवाला असे व त्याच्याकडून येणारी एक कॅसेट असे. आता ठरवून आणलेल्या छायाचित्रकाराचे दोन कॅमेरे, मामांचा जुना हँडीकॅम आणि भाचे-पुतण्यांचे मोबाइल, असे सारेच टिपत असतात. सामग्री विपुल असते. परंतु ती एकत्र जोडू म्हटले, की एकाचे चित्र पिवळे, दुसऱ्याचे निळसर आणि तिसऱ्याचा आवाज ओठांच्या मागे धावणारा, असा अनुभव येतो.

इंदूरला माझ्या पुतणीचे लग्न झाले, तेव्हा हे काम हौसेने अंगावर घेतले. मुख्य कॅमेरा मंगलाष्टके चालू असतानाच थांबला होता, हे संगणकासमोर बसल्यावर उमगले. अनेक स्थिरचित्र कॅमेरे सलग २९ मिनिटे ५९ सेकंदांपलीकडे चित्रण करीत नसत. अर्धा तास वा अधिक चित्रण करणारे उपकरण युरोपात ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरे व त्यावर अधिक सीमाशुल्क पडे. म्हणून उत्पादकांनीच ही मर्यादा घातलेली होती. करआकारणीतील एका वर्गवारीचा फटका इंदूरच्या बोहल्याला बसावा, याचे नवल निदान बँकेत नोकरी केलेल्या माणसाने करू नये! मुहूर्त लांबला, कॅमेरा आधीच सुरू करून ठेवलेला होता, आणि नेमक्या क्षणी तो मिटला. बाजूच्या खुर्चीत बसून थरथरत्या हाताने अक्षता टाकणारी माझी आई फक्त एका भाच्याच्या मोबाइलमध्ये होती. चार महिन्यांनी आई गेली. तो तुकडा चित्रफितीत नीट बसवणे, हाच मग त्या साऱ्या खटाटोपाचा हेतू झाला.

अशा संकलनात चित्राआधी आवाज हाती घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. कॅमेरे पाच असले, तरी गुरुजींचे ‘सावधान’ एकच असते. ज्या उपकरणात मंगलाष्टकांचा आवाज सर्वांत स्वच्छ व अखंड आला असेल, तो आवाज मूळ धागा म्हणून प्रथम अंथरावा आणि बाकीच्या चित्रफिती त्याच्याशी जुळवून त्याखाली लावाव्यात. ‘डाव्हिन्ची रिझॉल्व्ह’सारख्या संगणक प्रणालीची विनामूल्य आवृत्तीही ध्वनीचे आलेख ताडून ही जुळणी आपोआप करते. ती न साधल्यास ताशाचा पहिला ठोका किंवा टाळ्यांची सुरुवात शोधून हाताने जुळवावे. एकदा धागा पक्का झाला, की वर चित्रे कितीही बदलली तरी पाहणाऱ्याला खंड जाणवत नाही.

येथे एक गंमत ध्यानी ठेवावी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कार्यालयाच्या शेवटच्या रांगेतील, म्हणजे बोहल्यापासून २० मीटर दूर असलेल्या कॅमेऱ्यापर्यंत आवाज पोहोचण्यास सुमारे ०.०६ सेकंद लागतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर ही दीड फ्रेम झाली. आवाज तंतोतंत जुळवूनही त्या कॅमेऱ्यातील ओठ किंचित आधी हलताना दिसले, तर चूक आपली नसते. चित्र एक-दोन फ्रेम मागे सरकवले, की काम भागते.

दुसरा अडथळा फ्रेमच्या संख्येचा. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ फ्रेमची पद्धत रूढ झाली. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ असल्याने सुमारे ३० ची. मोबाइल जगभर विकायचा असल्याने तो बहुधा ३० वर लावलेला असतो. ३० चे २५ करताना संगणक दर सहावी फ्रेम गाळतो आणि वरातीत चालणारी माणसे हलके धक्के खात चालल्यासारखी दिसतात. जे चित्रण सर्वाधिक, त्याचीच गती संपूर्ण चित्रफितीला ठेवावी, हे बरे. शिवाय पुष्कळ मोबाइल ठरलेली गती पाळतही नाहीत. प्रकाश कमी झाला की गती उतरते. परिणामी आरंभी जुळलेला आवाज दहा मिनिटांनी सुटतो. अशा फिती ‘हँडब्रेक’ या विनामूल्य प्रणालीतून स्थिर गतीच्या करून घ्याव्यात आणि मगच जुळणीस बसावे. मी प्रथम हे केले नाही. दोन रात्री वाया गेल्या.

हेच ५० हर्ट्‌झ ट्यूबलाइटखालीही आडवे येतात. ते दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर चित्र शांत राहते. १/६० असेल तर पडद्यावर पट्टे सरकू लागतात. हा दोष संकलनात पुरता जात नाही. म्हणून घरातील उत्साही मुलांना लग्नापूर्वीच सांगून ठेवावे.

रंगांची जुळणी करताना अंतरपाटाने माझी सोय केली. सर्व कॅमेऱ्यांनी टिपलेली ती एकच पांढरी वस्तू होती. हॅलोजनच्या प्रकाशात तो एका फितीत केशरट, दाराकडून येणाऱ्या उन्हामुळे दुसरीत निळसर दिसत होता. प्रत्येक फितीत अंतरपाट पांढरा केला आणि चेहरे आपोआप जवळ आले. शालूच्या रंगावरून जुळवू नये. तो प्रत्येक दिव्याखाली निराळा भासतो. मोबाइलचे चित्र फार ओढताणीत फाटते. म्हणून चांगल्या कॅमेऱ्याचे चित्र थोडे साधे करून मोबाइलच्या जवळ आणावे. छायाचित्रकारांना हे रुचणार नाही, पण घरच्यांना खटकत नाही.

अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी कॅमेरे असतील, तर एकीकडून दुसरीकडे थेट उडी घेऊ नये. डावीकडील वधू एकाएकी उजवीकडे येते. मध्ये अक्षता टाकणाऱ्या पाहुण्यांचे एखादे दृश्य घालावे.

भाच्याची फीत अर्थातच उभी होती. ती आडव्या पडद्यावर ताणली, तर माणसे रुंद होतात. परंतु ४के मोबाइलच्या उभ्या चित्राची रुंदी २१६० बिंदू असते आणि १९२० × १०८० च्या चित्रफितीला ती पुरून उरते. मधला आडवा पट्टा कापून घेता येतो. अट एकच: मूळ फाइल हवी. भाच्याने ती प्रथम निरोपांच्या ॲपवरून पाठवली, तेव्हा दाबली जाऊन आलेल्या चित्रात आईचा चेहरा पुसट झाला होता. अखेर तो पेनड्राइव्ह घेऊन घरी आला. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवल्या आणि मगच कात्री लावली.

पट्टा कापताना छताचे झुंबर व पायांजवळच्या चपला गेल्या. आईची खुर्ची, तिचा हात आणि मागे अस्पष्ट दिसणारा अंतरपाट राहिला. गुरुजींच्या शेवटच्या ‘सावधान’वर तो तुकडा सुरू होतो आणि अकरा सेकंद चालतो.