खाजगी शाळा की सरकारी शाळा?

जून महिना जवळ आला की लहान मुलाचे नाव कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न घरोघरी निघतो. त्याचा निकाल पुष्कळदा दारावरील पाटी पाहूनच लागतो. खाजगी शाळा तेवढी चांगली आणि सरकारी शाळा नाइलाजाची, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ती कितपत खरी आहे?

‘खाजगी’ म्हणजे महाग, असा अर्थ पूर्वी नव्हता. पुण्यास १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी काढलेले न्यू इंग्लिश स्कूल खाजगीच होते. शिक्षण स्वस्त व्हावे हा तर त्यांचा हेतू होता. उलट आपल्या बडोद्यात सार्वजनिक शिक्षणाचा पाया राजाने घातला. कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा सयाजीराव महाराजांना अक्षरओळखही नव्हती. त्याच महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. पुढे गोखल्यांनी १९११ साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसेच विधेयक मांडले. ते मात्र फेटाळले गेले.

आज या दोहोंच्या मध्ये अनुदानित शाळाही आहेत. तेथे संस्था खाजगी व शिक्षकांचे वेतन सरकारी असते. खरी तुलना होते ती पूर्ण सरकारी व विनाअनुदानित शाळांची, आणि तीही सहज होत नाही. कारण खाजगी शाळेतील मुलांच्या घरी बहुधा पैसा व पुस्तके अधिक असतात. हुशारी शाळेची की घराची, हे कसे ओळखावे?

आंध्र प्रदेशाच्या ग्रामीण भागात २००८ साली याची कसोटी पाहण्यात आली. खाजगी शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून शुल्काची मदत देण्यात आली. चार वर्षांनंतर चिठ्ठी निघालेली व न निघालेली मुले तेलुगू आणि गणित या विषयांत सारखीच ठरली; हिंदीत मात्र पहिली पुष्कळ पुढे होती. तथापि मुरलीधरन व सुंदरारामन या संशोधकांना असेही आढळले की, खाजगी शाळा या दोन विषयांना कमी तास देत होत्या आणि दर मुलामागे त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होता. तेव्हा खाजगी शाळेने मुलाचे सोने होते हे खरे नाही, तसेच सरकारी शाळा आपल्या पैशाचे पुरते चीज करतात, असेही म्हणवत नाही. एकच शिक्षक दोन वर्ग सांभाळतो, तेथे पालकांनी काय करावे?

बरेच पालक मूल काढून घेतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मुलाचे एक वर्ष दोनदा येत नसते. परंतु ज्यांचा शब्द कचेरीत ऐकला जातो, तीच कुटुंबे प्रथम बाहेर पडतात आणि मागे राहिलेल्या मजुराच्या मुलीसाठी रिकाम्या जागेवर शिक्षक मागणारा कोणी उरत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या, त्यामुळे काहींची सोय झाली. त्याच कायद्यातील दुसरी तरतूद मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. विनाअनुदानित शाळेवर असे बंधन नाही. तेथे शुल्क भरणाऱ्यास सभेत जागा मिळेलच असे नाही.

म्हणून नाव घालण्यापूर्वी इमारत व गणवेश पाहून परतू नये. तिसरीच्या मुलांच्या वह्या मागून घ्याव्या. त्या तपासलेल्या आहेत की नुसत्या फळ्यावरून उतरविलेल्या, ते दिसेल. घरी आई ज्या भाषेत समजावून सांगू शकते, तिला शाळेत स्थान आहे का, हे विचारावे. आणि शाळा सरकारी असल्यास समितीची पुढील सभा कोणत्या तारखेस आहे, तेही कार्यालयातून लिहून आणावे.