बदलत्या डब्याचे साक्षीदार

गणितात एकदा ‘क्ष म्हणजे पाच’ म्हटले की उदाहरण संपेपर्यंत क्ष पाचच राहतो. फंक्शनल म्हणवणाऱ्या प्रोग्रामिंग भाषांनी हा शाळेतला नियम मनापासून पाळला. त्यामुळे प्रोग्रामचा कोणताही तुकडा सुटा वाचून त्याविषयी तर्क करता येतो. ‘मधल्या काळात ही किंमत कुणी बदलली तर नसेल?’ ही धास्ती राहत नाही. यंत्राचा स्वभाव मात्र उलटा. त्याची मेमरी म्हणजे पुसून पुन्हा लिहायची पाटी.

एडिंबरो विद्यापीठात रॉबिन मिल्नर यांनी १९७०च्या दशकात घडवलेल्या एमएल या भाषेने म्हणूनच सोवळे फार कडक ठेवले नाही. तिच्या कुळात बदल हवा असेल तर तो उघडपणे मागावा लागतो. ‘रेफरन्स’ नावाचा डबा करायचा. डबा तोच राहतो, आतला ऐवज बदलतो. याच कुळातली, फ्रान्समध्ये वाढलेली ओकॅमल ही भाषा आपण पाहू. आपण लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांत उतरवणारा प्रोग्राम, म्हणजे कंपायलर, या डब्याचे काय करतो?

समजा, एक ते हजारपर्यंतच्या आकड्यांची बेरीज करायची आहे. एक डबा घेतला, त्यात शून्य ठेवले आणि फेऱ्या मारत एकेक आकडा त्यात मिळवत गेलो. शब्दशः पाहिले तर हा डबा मेमरीत दोन खण अडवतो: एक मथळ्याचा, एक किमतीचा. ६४ बिटांच्या यंत्रावर हे १६ बाइट झाले. जागेचे फारसे काही नाही. पण प्रत्येक फेरीला तिथून वाचायचे आणि तिथेच लिहायचे, ही प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या रजिस्टरच्या तुलनेत पायपीट आहे.

डब्यात आकडा नसून दुसऱ्या वस्तूचा पत्ता असेल तर खर्च आणखी वाढतो. ओकॅमल नव्या आणि जुन्या वस्तू वेगळ्या भागांत ठेवते, आणि निकामी वस्तू झाडून काढताना बहुतेक वेळा फक्त नवा भाग तपासते. जुन्या डब्यात नव्या वस्तूचा पत्ता लिहिला आणि त्याची नोंद राहिली नाही, तर वापरातली वस्तूच केरात जाईल. म्हणून असे लिखाण एका खास फंक्शनमार्फत होते आणि गरज असेल तेव्हा ते वेगळ्या यादीत नोंद करते. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की तलाठी फेरफार नोंद घालतो, तसेच हे. त्या नोंदीला इंग्रजीत ‘म्युटेशन’च म्हणतात, हा योगायोग मला फार आवडतो. साध्या पूर्णांकाला मात्र ही नोंद लागत नाही.

आता कंपायलरचा प्रश्न एकच: हा डबा आणखी कुणाला दिसतो का? तो दुसऱ्या फंक्शनच्या हाती दिला, एखाद्या यादीत ठेवला किंवा उत्तर म्हणून परत केला, की त्याला साक्षीदार मिळाला. आपल्या बेरजेत तो फक्त उघडला आणि भरला जातो. डबा म्हणून तो कुणाकडेच जात नाही. मग तो बनवायचाच कशाला? ओकॅमल तो काढून टाकते, त्याच्या जागी साधे बदलते चल ठेवते आणि ते सहसा थेट रजिस्टरमध्ये बसते.

हीच बेरीज यादीवर फिरणाऱ्या तयार फंक्शनला ‘आलेला आकडा डब्यात मिळव’ असे छोटे फंक्शन देऊन केली, तर चित्र पालटते. ते छोटे फंक्शन डबा आपल्यासोबत बांधून नेते, आणि पुढे ते कोण, केव्हा चालवील याची खात्री कंपायलरला देता येत नाही. तयार फंक्शनचा मजकूर तिथल्या तिथे उलगडता आला तरच सुटका. एरवी डबा राहतो. दिसायला जवळपास सारखे असलेले दोन प्रोग्राम वेगळ्या वेगाने धावतात ते यामुळे. हा भित्रेपणा नव्हे. साक्षीदार असताना डबा गायब केला तर प्रोग्राम वेगाने चालेल आणि उत्तर चुकीचे देईल.

डबा गेल्यावर उरते तेही गमतीचे. अनेक कंपायलर प्रत्येक लिखाणाला नवे नाव देतात. जुन्या नावाची किंमत बदलत नाहीत. फेऱ्यांची जागा जणू स्वतःलाच नव्या किमती देऊन पुन्हा बोलावणारे फंक्शन घेते. सीसारख्या भाषांचे कंपायलर वापरतात ते हे रूप म्हणजे फंक्शनल प्रोग्रामिंगच आहे, असे अँड्र्यू अॅपल यांनी १९९८ साली एका छोट्या लेखात दाखवून दिले.

हॅस्केल या अधिक सोवळ्या भाषेने साक्षीदार शोधण्याऐवजी त्यांना दारातच अडवले. जॉन लाँचबरी आणि सायमन पेटन जोन्स यांनी १९९४ साली मांडलेल्या रचनेत डब्याच्या प्रकारावरच त्या हिशेबाचा शिक्का असतो. शिक्क्याचा डबा हिशेबाबाहेर नेऊ पाहिला तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. आत कितीही खाडाखोड करा, बाहेरून ते शुद्ध गणितच. मात्र डबा बाहेर जात नाही ही हमी म्हणजे तो रजिस्टरमध्ये बसेल ही हमी नव्हे.

अलीकडे लीन आणि कोका या भाषांनी तोच प्रश्न उलट बाजूने विचारला. तिथे प्रोग्रामर बदल मागतच नाही. यादीतला प्रत्येक आकडा दुप्पट करून ‘नवी’ यादी मागतो. प्रत्येक वस्तूकडे किती जण बोट दाखवत आहेत याची मोजणी चालू असते. ती एक असेल तर जुन्या यादीचे खण पुन्हा वापरून तिथेच नवे आकडे लिहिले जातात, कारण जुनी यादी पाहायला कुणी उरलेलेच नसते. मधेच कुणी त्या यादीला दुसरे नाव देऊन धरून ठेवले, की मोजणी दोन होते आणि प्रत काढावी लागते.